आग सुरक्षा कामाच्या नोंदी : हळद युनिट, कुपवाड एमआयडीसी, सांगली

६ जानेवारी २०२५

जानेवारी लागला, फॉर्म बीची घाई सुरू. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून 'यंत्रणा चालू स्थितीत आहे' असा दाखला, म्हणजेच फॉर्म बी, घेऊन अग्निशमन खात्याकडे द्यावा लागतो. आमच्याकडे हे काम दिवाणजींच्या टेबलावर सुरू होतं आणि तिथंच संपतं. माणूस येतो, आग विझवायच्या सिलिंडरला नवं स्टिकर लावतो, चहा पितो, जातो.

यंदा विम्याचा सर्व्हेअर येऊन गेला. त्यानं शेठना विचारलं, "रात्रपाळीला दळणाच्या मशीनपाशी पेटलं तर पहिला हात कोण लावणार?" शेठनी माझ्याकडे बघितलं. रात्रपाळीला मी घरी असतो, हे सर्व्हेअरलाही ठाऊक होतं. त्यानं काही न बोलता लिहून घेतलं.

दुपारी शेठनी काम सोपवलं. मुदत सीझन संपेपर्यंत. बजेट विचारलं तर "आधी यादी आणा" म्हणाले.

९ जानेवारी

मुकादम तात्यांना घेऊन सगळं आवार फिरलो. शेड एकमध्ये कच्चा माल, राजापुरी हळकुंडं आणि गड्डे, थप्प्या पार पत्र्याला टेकलेल्या. शेड दोनमध्ये पॉलिशचे ड्रम, माल वर चढवणारा एलिव्हेटर, पल्व्हरायझर म्हणजे दळणाचं मशीन, चाळणी. शेड तीनमध्ये पॅकिंग: पुठ्ठ्याचे बॉक्स, प्लॅस्टिकचे रोल आणि रिकाम्या बारदानाचे गठ्ठे. आगीच्या दृष्टीनं मला सगळ्यात नकोशी शेड तीच.

सिलिंडर १४ आहेत. शेड एकमधला एक थप्पीच्या मागे होता, तिथवर पोचायला पोत्यांची आख्खी रांग हलवावी लागली. दोन एबीसी पावडरच्या (घन, द्रव, वायू तिन्ही आगींवर चालणारी कोरडी पावडर) सिलिंडरचे काटे लाल पट्ट्यात. एकाच्या नळीत गांधीलमाशीचं घर.

सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या, सिलिंडरला दाबाचा काटा नसतोच, तो वजनावर तपासायचा. आपल्याच वजनकाट्यावर ठेवला. गळ्याशी कोरलेलं रिकामं वजन वजा केलं तर साडेचार किलोच्या जागी गॅस जेमतेम साडेतीन किलो. दहा टक्क्यांपेक्षा जास्त घट म्हणजे रिफिल. वरचं स्टिकर मात्र ताजं, सही-शिक्क्यासकट.

वाळूच्या लाल बादल्या गोल बुडाच्या असतात. खाली टेकत नाहीत, म्हणून कुणी पळवून दुसऱ्या कामाला लावू नये हा त्यामागचा हेतू. आमच्याकडे कुणी पळवल्या नाहीत, जागेवरच वापरल्या. वाळूत तंबाखूच्या पिचकाऱ्या, बिडीची थोटकं आणि एक चपटी बाटली. तात्या म्हणाले, "साहेब, बिडी तरी इथंच इझवत्यात न्हवं." म्हणणं अगदीच खोटं नाही. प्रश्न असा की बिडी शेडच्या आत आली कशी.

आयएस २१९० या भारतीय मानकाप्रमाणे साध्या घन वस्तूंच्या आगीसाठी कुठूनही १५ मीटरच्या आत सिलिंडर हाताशी यायला हवा. टेपनं मोजलं. शेड तीनच्या मागच्या कोपऱ्यापासून बरंच जास्त भरतं. सहा किलोचे तीन एबीसी, चार किलोचे दोन आणि पॅनलसाठी एक सीओटू अशी मागणी लिहिली.

१७ जानेवारी

वायरमनबरोबर पॅनल उघडलं. पॉलिश ड्रमच्या फेजचं टर्मिनल ढिलं, वायरचं इन्सुलेशन तपकिरी पडलेलं. ते बदललं. शेड तीनच्या बोर्डात फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार होती, तिथं एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) बसवला. कुणी घातली विचारलं तर सगळ्यांनी गावाला गेलेल्या एका पोराचं नाव सांगितलं.

पॅनल खोलीत बारदानाचा गठ्ठा आणि रंगाचे डबे ठेवले होते. बाहेर काढले. खोलीत पावडरचा सिलिंडर होता, तो हलवून दाराबाहेर सीओटू लावणार. एबीसी पावडरनं विजेची आग विझते, पण ती पावडर कॉन्टॅक्टरमध्ये आणि कार्डांवर बसून गंज आणते. मग आगीतून वाचवलेलं पॅनल पावडर खाते. सीओटू मारताना खोलीत घुसायचं नाही, दारातून मारून बाहेर यायचं, कारण तो गॅस हवा बाहेर ढकलतो. त्याचा भोंगाही हातात धरायचा नाही, थंडीनं कातडी चिकटते.

शेड एकमध्ये गणपतीच्या तसबिरीपुढे रोज सकाळी उदबत्ती लागते. शेजारी बारदान. तसबीर हलवा म्हणायला कुणीच पुढे येईना. तात्यांनीच मार्ग काढला: फाटकाजवळच्या भिंतीत सिमेंटचा कोनाडा. मंगळवारी नारळ फोडून हलवायचं ठरलं.

२८ जानेवारी

आजचा दिवस धुळीवर गेला. माझ्या मते सगळ्या कामातली खरी जागा हीच.

हळदीच्या भुकटीचा ढीग पेटवायला गेलं तर तो कुजत-धुमसत जळतो, भडकत नाही. त्यामुळे इथं सगळ्यांची समजूत की हळद कुठे पेटते. पण तीच भुकटी हवेत उडालेली असली, म्हणजे प्रत्येक कणाला चहूबाजूंनी हवा मिळाली, आणि जागा बंदिस्त असली, तर एका ठिणगीसरशी सगळं एकदम जळतं आणि दाब पत्रे उडवतो. जळाऊ पदार्थ, हवा आणि उष्णता ही तिन्ही साध्या आगीलाही लागतात. स्फोटाला आणखी दोन लागतात: धूळ हवेत उडालेली असणं आणि जागा कोंडलेली असणं. पल्व्हरायझर, एलिव्हेटरचा उभा पत्र्याचा खोका, धूळ गाळणारा बॅग फिल्टर, तिन्हीकडे या दोन गोष्टी रोजच्याच.

दिवे बंद करून टॉर्च तिरका धरला. खाली फरशी स्वच्छ, बायका दिवसातून दोनदा झाडतात. वर मात्र छताच्या ट्रसच्या अँगलवर, केबल ट्रेवर, पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर. शिडीवर चढून बोट फिरवलं तर नखाचं टोक बुडालं. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानकांत मोठ्या जागेवर साधारण ०.८ मिलिमीटरचा थरही धोक्याचा धरतात, कागदाला लावायच्या क्लिपच्या तारेइतका. आमच्याकडे त्याच्या कितीतरी पट.

साफ कसं करायचं? पोरांनी लगेच कॉम्प्रेसरची नळी आणली. नळी परत ठेवायला लावली. हवेच्या झोतानं थर उडून ढग होतो, म्हणजे नेमकं जे नको तेच. मशीन बंद, मेन बंद, मऊ ब्रश आणि ओलसर फडकी, वरून खाली. घरगुती व्हॅक्युमही नको, त्याच्या मोटारीत ठिणग्या पडतात आणि धूळ तिच्यातूनच जाते. धुळीसाठी बनवलेल्या औद्योगिक व्हॅक्युमचं कोटेशन मागवलं.

८ फेब्रुवारी

कोटेशन आलं. आकडा बघून शेठनी कागद उलटा ठेवला.

त्यांना जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या इम्पीरियल शुगरच्या कारखान्याची हकीकत सांगितली. ७ फेब्रुवारी २००८. साखरेच्या धुळीचा स्फोट, १४ कामगार गेले. पहिला स्फोट बंद पत्र्यानं झाकलेल्या कन्व्हेयरमध्ये झाला. त्याच्या हादऱ्यानं इमारतभर साचलेली धूळ हवेत आली आणि पुढचे स्फोट तिचे. नुकसान जास्त केलं ते या दुसऱ्या फेरीनं. म्हणजे मशीनच्या आतल्या धुळीपेक्षा अँगलवरची जुनी धूळ वाईट. शेठ साखरेच्या पट्ट्यातले, साखर म्हटल्यावर ऐकून घेतात. तरी व्हॅक्युम 'बघू'वरच राहिला.

तोवर स्वस्तातलं एक काम उरकलं. द्राक्षबागेत वापरतात तो पाठीवरचा फवारणी पंप घेतला, नवा कोरा, औषध कधीच न भरलेला, बारीक नोझलचा. धुमसत्या भुकटीवर पाण्याची जोरदार धार किंवा सिलिंडरचा झोत मारला तर भुकटी उडते. तिथं धुक्यासारखं बारीक पाणीच हवं. दुकानदारानं विचारलं बाग कुठं आहे. सांगत बसलो नाही.

पल्व्हरायझरच्या तोंडाशी मॅग्नेट होता, पण महिनोन्महिने साफ केलेला नव्हता. खिळे, वॉशर, हळद काढायच्या कुदळीचा एक तुकडासुद्धा निघाला. लोखंड आत गेलं की ठिणगी ठरलेली. आता प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला मॅग्नेट पुसायचा आणि निघालेलं लोखंड एका डब्यात ठेवायचं, म्हणजे कोणत्या शेतकऱ्याच्या लॉटमधून काय येतं तेही कळेल.

२१ फेब्रुवारी

वसंतदादा मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक वाढली. इकडे ट्रक रांगेत. माझ्या कामाला माणूस मिळेना.

तरी दारांचं बघितलं. शेड तीनला मोठं शटर पुढे, बाजूला लोखंडी दार. बाजूच्या दाराला कुलूप, किल्ली दिवाणजींच्या घरी विश्रामबागला. रात्री शटरजवळच पेटलं तर आतल्या बायकांनी जायचं कुठून? दिवाणजी म्हणाले, "माल चोरीला गेला तर जबाबदार कोण?" बरीच घासाघीस झाल्यावर कुलूप निघालं, आतून साधी कडी राहिली. शिवाय दार आत उघडतं, ते बाहेर उघडायला हवं. घाबरलेल्या गर्दीचा रेटा पडला की आत उघडणारं दार उघडतच नाही. लोहाराला बोलावलंय.

मनात आलं ते लिहून ठेवतो. सांगलीत कुणालाही झोपेतून उठवून विचारा, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, बरोबर सांगेल. २००५, २०१९, २०२१ असे पूर बघितलेली माणसं आहेत, सामान कोणत्या फुटाला माळ्यावर टाकायचं हे घराघरात ठरलेलं आहे. पाणी दोन दिवस आधी सांगून येतं. आग तेवढाही वेळ देत नाही, आणि तिच्याबद्दल कुणाचंच काही ठरलेलं नाही.

४ मार्च

राष्ट्रीय सुरक्षा दिन. छातीला बिल्ला, शपथ, फोटो. ते पाच मिनिटांत उरकून प्रात्यक्षिकाला वेळ दिला.

एजन्सीचा माणूस आधी आगीचा त्रिकोण शिकवत होता. इंधन, उष्णता, प्राणवायू. हमालांचं लक्ष ट्रककडे. मग मागून हरिपूरचा एक जुना हमाल बोलला, "पेवात आदी कंदील सोडायचा. कंदील इझला तर मानूस उतरत न्हाई." हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं कित्येकांनी स्वतः भरली-उपसली आहेत, २००५ च्या पुरात त्यातली बरीच कामातून गेली. पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत, हवा खेळू देतात, मग कंदील. हवेत प्राणवायू नाही तर ज्योतही नाही आणि माणूसही नाही. एवढं झाल्यावर त्रिकोण वेगळा शिकवावा लागला नाही. कढईवर झाकण का ठेवायचं आणि पॅनल खोलीत सीओटू मारून का थांबायचं नाही, दोन्ही त्यांनीच सांगितलं.

अंगणात अर्धा कापलेला बॅरल, तळाला पाणी, वर डिझेल आणि थोडं पेट्रोल. लांब काठीनं पेटवलं. एका धिप्पाड हमालानं सिलिंडर एका हातात उचलला आणि थेट ज्वाळेवर मारला. वर पांढरा ढग, खाली आग तशीच. सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. त्याचा झाला, आग उरली. सगळे हसले.

मग निवडणीवरच्या मावशींना पुढे केलं. मी चार किलोचा देत होतो. "आमी काय घागर उचलत न्हाई व्हय?" म्हणत त्यांनी मोठाच घेतला. वारा पाठीवर घेतला. सील तोडून पिन ओढली, ती नीट कमरेला खोचली. दोन-तीन मीटरवर थांबून वाकल्या, नळी आगीच्या बुडाशी धरली आणि दांडा दाबून डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. दोन फेऱ्यांत बॅरल काळा. पाठ न वळवता मागे सरकत आल्या. ही शेवटची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. विझलेलं परत पेटतं हे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला ठाऊकच असतं.

बारदानाच्या गठ्ठ्याचंही करून दाखवलं. पावडरनं ज्वाळा गेली, थोड्या वेळानं आतून पुन्हा धूर. ताग आत धुमसत राहतो. गठ्ठा उकलून पाण्यानं भिजवल्याशिवाय ती आग विझली म्हणायचं नाही. म्हणून शेड तीनला सिलिंडरबरोबर पाणी हवंच. टाकी आहे, होज रील आहे, पण पंपाची लाइन मेन स्विचच्या पुढून घेतलेली. आग लागल्यावर पहिलं काम मेन पाडायचं, आणि मेन पाडला की पंप बंद. लाइन मेनच्या आधीपासून, वेगळ्या स्विचवर घ्यायची. वायरमनला लेखी दिलं.

वापरलेले सगळे सिलिंडर रिफिलला पाठवले. अर्धवट वापरलेलासुद्धा परत टांगायचा नाही, व्हॉल्व्हमध्ये पावडर अडकून दाब हळूहळू निघून जातो.

१२ मार्च

चाळणीच्या स्टँडला वेल्डिंग होतं. परवाना-कागद केला: जागा, वेळ, आसपासचं बारदान हलवलं का, धूळ पुसली का, शेजारी सिलिंडर आणि पाण्याची बादली आहे का, नजर ठेवायला कोण. वेल्डर भडकला. "दोन टाक्यांचं काम, त्याला अर्जफाटे?" सही केल्याशिवाय सप्लाय दिला नाही. काम झाल्यावर तासभर एक पोरगा तिथं बसवला. ठिणगी फटीत जाऊन तासाभरानं धूर काढते. पोरगा मोबाईल बघत बसला होता, पण बसला होता.

२८ मार्च

दुपारी सव्वातीनच्या सुमारास निवडणीच्या टेबलावरून मावशींनी हाक मारली, फोडणी करपल्यासारखा वास येतोय. मशीनवरच्या ऑपरेटरला वास नाही. तो दिवसभर त्याच धुळीत असतो. मावशींनी मात्र काम थांबवून वासाचा माग काढला तो एलिव्हेटरच्या बुडापर्यंत. पत्र्याच्या सांध्यातून बारीक करडी रेघ.

ऑपरेटरनं माल टाकणं थांबवलं, एलिव्हेटर आणि ब्लोअर बंद केला. ब्लोअर महत्त्वाचा, नाहीतर निखारा ओढून बॅग फिल्टरमध्ये नेतो. एक पोरगा तपासणीचं झाकण उघडायला धावला. तात्यांनी त्याचं मनगटच धरलं. आत हवा गेली आणि भुकटी हलली तर धुमसणं भडक्यात जातं. बायकांना बाजूच्या दारानं बाहेर काढलं. दार आत उघडतं, तरी कडी निघाली.

मेन पाडला. उलट्या हातानं पत्रा चाचपत वरपर्यंत बघितलं, बुडाशीच गरम. थोडा वेळ जाऊ दिला. मग झाकण बोटभर किलकिलं करून फवारणी पंपानं बारीक पाणी, थांबून थांबून. वाफ येणं बंद झाल्यावर झाकण पूर्ण काढलं. लोखंडी घमेल्यात भुकटी काढून बाहेर नेऊन भिजवली. आत मुठीएवढा काळा गोळा, फोडला तर मध्ये अजून लाल. १०१ ला फोन करायला दिवाणजी तयार बसले होते. धूर शेडमध्ये पसरता तर करायचाच, असं आधी ठरलेलं होतं.

कारण: खालचा बेअरिंग जाम. ग्रीस भुकटीत मिसळून दगड झालेलं. पट्टा एका बाजूला सरकून पत्र्याला घासत होता. बेअरिंग बदलला, पट्टा मध्यावर आणला, मशीन दुसऱ्या दिवशी सुरू करायचं ठरवलं. शेठनी पहिलं विचारलं ते दळण किती तास बंद राहणार. मग घमेल्यातला गोळा बघायला गेले. संध्याकाळी व्हॅक्युमच्या कोटेशनवर सही झाली आणि लांबून तापमान मोजायची इन्फ्रारेड गनही मंजूर झाली. दर पाळीला बेअरिंगचं तापमान वहीत.

मावशींना काय द्यायचं विचारलं तर म्हणाल्या, टेबलावरचा पंखा बंद पडलाय.

१५ एप्रिल

अग्निशमन सेवा सप्ताह, १४ ते २०. काल आंबेडकर जयंतीची सुट्टी होती म्हणून आज. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागून स्फोट झाले, विझवायला गेलेले ६६ अग्निशमन जवान गेले, त्यांच्या आठवणीचा हा आठवडा. जहाजात जवळपास १४०० टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या भरलेल्या. हे वाचून दाखवल्यावर तात्यांनी आपणहून विचारलं, डिझेलचे कॅन बारदानाच्या शेडमध्ये कशाला ठेवलेत. आजच जनरेटरच्या खोलीमागे जाळीच्या कपाटात गेले.

मावशींचा पंखा बसवला. आधी पाती पुसून.

२३ एप्रिल

उरलेलं: पंपाची लाइन झाली, मेन पाडून चालवून बघितली, धार शेड तीनच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचते. थप्प्या आणि पत्रा यांत अंतर ठेवायची लाल रेघ भिंतीवर मारली. आवक वाढली की रेघ पोत्यांखाली जाते, त्यावर रोज भांडण. व्हॅक्युम आला, वापरायला दोन माणसं ठरवली, दर शनिवारी अँगल आणि केबल ट्रे. वाळूच्या बादल्यांत नवी वाळू. तंबाखूसाठी फाटकाजवळ वेगळा डबा.

बाजूचं दार अजून आतच उघडतं. लोहार लग्नसराईत अडकलाय, मेचा पहिला आठवडा म्हणतो. हमालांची नवी टोळी ५ मेला येणार. त्यांच्यासाठी बॅरल आणि डिझेल तयार ठेवायला स्टोअरला सांगितलं, आणि शिकवायला मावशींना.